निव्वळ

तुर्भ्याला बाजाराच्या वजनकाट्यावर मी एकोणीस वर्षं.
ट्रक भरलेला येतो, आकडा लिहितो.
रिकामा जातो, आकडा लिहितो.
वजाबाकी करून पावती फाडतो : निव्वळ इतके.
कांद्याचं, बटाट्याचं,
एकदा कुणाच्या तरी बदलीच्या सामानाचं.
माझं स्वतःचं कधी केलं नव्हतं.

ते केलं चैत्रात, डॉक्टर तांडेलांनी.
चौऱ्याण्णव.
सोबत आलेल्या कुंदालाही म्हणाले,
वहिनी, आलाच आहात तर उभ्या राहा.
बासष्ट.
तिच्याकडे बघून नुसती मान हलवली,
माझ्याकडे बघून कागद ओढला.
चाला, म्हणाले. आणि जेवण अर्धं.

पहाटे साडेपाचला नेरूळच्या तलावाला फेऱ्या घालू लागलो.
खाडीचा वास, ओले बाक,
पुढे उलट्या चालणाऱ्या एक निवृत्त बाई,
मागे तोंडाने चालणारे पेडणेकर.
चार फेऱ्या झाल्या की मनगटावरचं घड्याळ म्हणे, दोनशे दहा.
दोनशे दहात काय येतं ते गार्गीने फोनवर सांगितलं :
दीड वडा, बाबा. पाव वेगळा.

तासभर घाम गाळून, वर पाव वेगळा!

गेटाबाहेरच्या गाडीवरचा तो दीड वडा
पहिल्या महिन्यात मी रोज कमावला आणि रोज खाल्ला,
अर्धा टाकवत नाही म्हणून दोन.
ट्रक भरलेलाच आला, भरलेलाच गेला.

मग ताटाकडे वळलो.
तीन भाकऱ्यांची दीड.
भात चिमणीला घालावा तेवढा.
चहा कोरा, म्हणजे भांडून आल्यासारखं तोंड.
दुपारी माथाडीतले सर्जेराव बुक्कीने कांदा फोडत म्हणायचे,
सायेब, आमचं आधी काम, मागनं भाकरी.
तुमचं उलटं झालंय बघा.
आणि पन्नास किलोची गोणी पाठीवर टाकून चालू पडायचे.
मी कॅल्क्युलेटरकडे बघत बसायचो.

पण उतरलं.
गोणी शिवायच्या दाभणाने पट्ट्याला दोन भोकं पाडली.
नवरात्राच्या तोंडावर सत्याऐंशी.
पेढे वाटावेत असं वाटलं.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो
तर ओट्यापाशी उभ्याउभ्या कुंदा
माझी उरलेली दीड भाकरी गार आमटीत कुस्करून खात होती.
"टाकायची का मग?" ती म्हणाली.
मी काही विचारलंच नव्हतं.
रोज पाच थापते ती, माझ्या तीन, तिच्या दोन,
हाताला पाठ झालेलं माप,
डॉक्टरांनी हाताला कुठे सांगितलं होतं?

रविवारी बाजार बंद. तिला तुर्भ्याला नेलं.
ट्रकच्या काट्यावर, त्या भल्यामोठ्या लोखंडी पाटाच्या मधोमध
दोघं उभे राहिलो, लग्नातल्या फोटोसारखे.
तो काटा दहाच्या खालचं बोलत नाही.
एकशे साठ, म्हणाला.
घरी येऊन छोट्या काट्यावर एकेकटे :
मी सत्याऐंशी, ती एकोणसत्तर.
चैत्रातला कागद काढला, बेरीज केली.
एकशे छप्पन्न.
तेव्हाही. आत्ताही.

सहा महिने चालून चालून
मी माल फक्त या गाळ्यातून त्या गाळ्यात हलवला होता.

आधी तीच हसली. मग थांबली.
"तुमचं उतरलेलं सगळ्यांना दिसलं," म्हणाली.
एवढंच.
एकोणीस वर्षं पावत्या फाडणारा मी,
कुठली पावती देणार होतो?

सोमवारी रात्री परातीत पीठ घेताना
तिची मूठ मध्येच थांबली.
दोन मुठी डब्यात परत गेल्या.
साडेतीन भाकऱ्या काही थापता येत नाहीत,
म्हणून तीन.
चुकल्यासारखी ती मोकळ्या तव्याकडे बघत राहिली.

आणि आज पहाटे दारात माझे जुने बूट घालून उभी,
सैल, लेस दोनदा गुंडाळलेली.
"किती फेऱ्या असतात?"
चार, मी म्हणालो.
"दोन," ती म्हणाली. "आणि पेडणेकर नकोत."